मदत हवी आहे: नमपायमध्ये (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) सगळ्या चॅनेलवर फंक्शन चालवलं की उत्तर शून्यच

नमस्कार मंडळी,

दोन दिवस एकाच जागी अडकलोय. ईईजीचा (मेंदूतल्या विद्युत लहरींचा) डेटा आहे, अ‍ॅरेचा (आकड्यांच्या तक्त्याचा) आकार (४०, ३२, ५१२): ४० तुकडे, ३२ चॅनेल, प्रत्येकी ५१२ सॅम्पल. सेकंदाला २५६ सॅम्पल, म्हणजे एक तुकडा २ सेकंदांचा.

माझ्या फंक्शनला एका चॅनेलचे ५१२ आकडे दिले की ते तीन आकडे परत देतं: थीटा (४ ते ८ हर्ट्झ), अल्फा (८ ते १३) आणि बीटा (१३ ते ३०) या वारंवारतेच्या पट्ट्यांचा एकूण ऊर्जेतला हिस्सा. सगळे ० ते १ च्या मधले. शेवटी (४०, ३२, ३) आकाराचा अ‍ॅरे हवाय.

नमपायचं अप्लाय_अलाँग_अ‍ॅक्सिस (एका अक्षावरच्या प्रत्येक ओळीला फंक्शन लावणारं) वापरलं, अक्ष -१, म्हणजे शेवटचा. आकार बरोब्बर येतो, पण आत सगळीकडे शून्य! एरर नाही, वॉर्निंग नाही. तसंच काम करणाऱ्या व्हेक्टराइझला '(एन)->(एम)' अशी सिग्नेचर दिली, तरी तेच. एकच चॅनेल हाताने दिला तर ०.२१, ०.३८, ०.१७ असं शहाण्यासारखं उत्तर. एनपी.झीरोज ने (एनपी म्हणजे नमपाय) शून्यांचा अ‍ॅरे करून दोन फॉर लूपने भरला, तरी बरोबर. कहर म्हणजे आठपैकी सहा फायली नीट चालतात, दोनच रुसल्यात.

फंक्शनच्या सुरुवातीला एक अट आहे: इलेक्ट्रोड सुटून सिग्नल सपाट झाला असेल तर एनपी.अ‍ॅरे([०, ०, ०]) परत द्यायचं, नाहीतर शून्याने भागाकार होतो. बाकी काही खास नाही.

लूपवर भागेल, पण कारण कळल्याशिवाय चैन पडणार नाही.

प्रतिसाद १
त्या दोन फायलींत पहिल्या तुकड्याचा पहिलाच चॅनेल सपाट आहे का?

धागाकर्ता
आहे की! दोन्हींत. कसं ओळखलंत?

प्रतिसाद १
चोर तुम्हीच दाखवलात. अप्लाय_अलाँग_अ‍ॅक्सिस आणि व्हेक्टराइझ ही दोन्ही फंक्शनं पहिल्या हाकेचं उत्तर बघून निकालाच्या अ‍ॅरेचा डीटाइप (आकड्यांचा प्रकार) ठरवतात. तुमचं पहिलं उत्तर, सपाट चॅनेलचं [०, ०, ०], पूर्णांकांचं, म्हणून अख्खा अ‍ॅरे पूर्णांकांचा. मग ०.३८ त्यात भरताना दशांश गुपचूप छाटला जातो. एनपी.झीरोज मुळातच फ्लोट (दशांशाचे आकडे) देतं, म्हणून लूप वाचला. अटीत एनपी.झीरोज(३) परत द्या, काम झालं. व्हेक्टराइझला ओटाइप्स=[फ्लोट] (निकालाचा प्रकार) देऊनही भागतं, अप्लाय_अलाँग_अ‍ॅक्सिसला तशी सोय नाही.

प्रतिसाद २
दुरुस्ती बरोबर, पण इथे ही दोन्ही लागतच नाहीत. आतून ते पायथनचे लूपच, तुमचं फंक्शन १२८० वेळा बोलावलं जातं. आधी शेवटच्या अक्षावरची सरासरी वजा करा. आरएफएफटी (सिग्नलची वारंवारतांत फोड करणारं फंक्शन) आपणहून शेवटच्या अक्षावर चालतं: (४०, ३२, २५७), वारंवारतेचे खण अर्ध्या हर्ट्झचे. निरपेक्ष मूल्याचा वर्ग करा. मग ० आणि १ भरलेला (२५७, ३) चा मुखवटा (कोणता खण कोणत्या पट्टीत ते सांगणारा) बनवून @ ने (मॅट्रिक्स गुणाकार) गुणा, थेट (४०, ३२, ३). एकूण ऊर्जेने भागताना बेरजेला कीपडिम्स=ट्रू (अक्षांची संख्या तेवढीच ठेवा) द्या, नाहीतर आकार जुळणार नाहीत. सपाट चॅनेलसाठी एनपी.डिव्हाइड मध्ये व्हेअर (कुठे भागायचं ती अट) वापरा आणि आउटला फ्लोट शून्यांचा अ‍ॅरे द्या.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. आठही फायली चालल्या. फक्त जुन्या लूपशी ताडून पाहिलं तर तिन्ही पट्ट्या किंचित कमी भरतायत. बघतो तर माझ्या जुन्या अटीत दोन्ही टोकं धरलेली. ८ हर्ट्झचा खण थीटातही मोजला जात होता आणि अल्फातही. मुखवट्यात वरचं टोक सोडलं होतं. आता जुने सगळे तक्ते परत काढायला बसतो.