पगारवाढ मिळाली तर आठवड्याचे पाचही दिवस हिंजवडीला जाणे मान्य करावे का?

धायरीकर

आमच्या कंपनीत सध्या आठवड्यातून दोन दिवस कार्यालयात आणि तीन दिवस घरून काम अशी पद्धत आहे. पुढच्या तिमाहीपासून पाचही दिवस कार्यालयात येणे बंधनकारक होणार असून, ते कळवणाऱ्या पत्रातच सर्वांना १५ टक्के पगारवाढ मिळेल असे म्हटले आहे. माझा पगार वर्षाला १८ लाख आहे, त्यामुळे आकडा कानाला बरा वाटतो.

कार्यालय हिंजवडी आयटी पार्कच्या फेज तीनमध्ये आहे. सकाळी धायरीहून लवकर निघालो तर वारज्यापर्यंत गाडी चालते. आठ वाजून गेले की चांदणी चौकाच्या अलीकडेच लाल दिव्यांची रांग लागते, आणि भूमकर चौकाचे तर बोलायलाच नको. जाऊन-येऊन तीन तास धरावेच लागतात. इतके करून पोहोचल्यावर मी हेडफोन लावतो आणि चेन्नईतल्या सहकाऱ्यांशी टीम्सवर बोलतो, कारण माझ्या प्रकल्पातला दुसरा कोणीही पुण्यात नाही. बैठकीच्या खोल्या भरलेल्या असल्यामुळे यातले निम्मे बोलणे जिन्यात उभे राहून होते.

घरी दोन मते आहेत. वडील म्हणतात, वाढ मिळते आहे तर कुरकुर कशाला. पत्नीचे म्हणणे असे की, ही वाढ नसून आपल्या संध्याकाळची किंमत आहे आणि ती कमी आहे. आपल्यापैकी कोणी असा प्रस्ताव स्वीकारला किंवा नाकारला असल्यास कशाच्या आधारावर ठरवले, ते कृपया लिहावे.

आकडेमोड

भावना थोडी बाजूला ठेवून हिशेब करू. नऊ तासांचा कामाचा दिवस धरला तर आज तुमचे आठवड्याचे ४५ तास कामात आणि सहा तास प्रवासात, असे एकूण ५१ तास जातात. पाचही दिवस जाऊ लागलात की हेच ६० तास होतील, म्हणजे कंपनीसाठी खर्च होणारा वेळ साधारण साडेसतरा टक्क्यांनी वाढेल.

आता पगार पाहा. सगळी रक्कम करपात्र धरून आणि २०२५-२६ ची नवी करप्रणाली लावून पाहिले, तर १८ लाखांवर ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन उपकरासह सुमारे १ लाख ५१ हजार कर बसतो. पगार २० लाख ७० हजार झाला की तोच कर सुमारे २ लाख ७ हजारांवर जातो. वाढीच्या २ लाख ७० हजारांपैकी हातात २ लाख १४ हजारांच्या आसपास येतात, म्हणजे हातात पडणाऱ्या पगारातली खरी वाढ १३ टक्के. वेळ साडेसतरा टक्के जास्त आणि पैसा १३ टक्के जास्त, म्हणजे तुमच्या तासाचा भाव उतरतो आहे. यात पेट्रोल, गाडीची झीज आणि बाहेरचे जेवण धरलेलेच नाही.

तुम्ही बाणेर-बालेवाडीत राहत असतात आणि येण्याजाण्याला एक तास लागत असता, तर हाच प्रस्ताव मी डोळे झाकून घ्या म्हटले असते. एकच टक्केवारी सर्वांना लावली की धायरीच्या माणसाने वाकडच्या माणसापेक्षा स्वस्तात काम केल्यासारखे होते. माण ते शिवाजीनगर ही सुमारे २३ किलोमीटरची मेट्रो मार्गिकाही वाकड, बालेवाडी, बाणेर, विद्यापीठ या बाजूच्यांच्या कामाची आहे. सिंहगड रस्त्याच्या टोकाहून तिच्यापर्यंत पोहोचण्यातच निम्मी सकाळ जाईल.

जुना बाकावरचा

माझे मत वेगळे आहे आणि ते इथे फारसे आवडणार नाही याची कल्पना आहे. टाळेबंदीच्या काळात आमच्याकडे जी मुले थेट महाविद्यालयातून रुजू झाली, त्यांना पहिली दोन वर्षे शेजारी बसून शिकवणारे कोणी मिळाले नाही आणि त्याची उणीव त्यांच्या कामात आजही दिसते. दोन खोल्यांच्या घरात आईवडील, टीव्ही आणि कुकरच्या शिट्ट्या सांभाळत काम करणाऱ्यांना कार्यालय ही सोय वाटते. मी वाढीशिवायही गेलो असतो. वाढ मिळत असेल तर नक्कीच जाईन.

शिवाय चाकणच्या कारखान्यात तीन पाळ्यांत काम करणाऱ्याला किंवा बँकेच्या खिडकीत बसणाऱ्याला येण्याजाण्याच्या वेळेचे पैसे कोणी देऊ केलेले नाहीत. मात्र आपला सगळा गट चेन्नईत असेल, तर माझे शिकण्या-शिकवण्याचे कारण आपल्याला लागू पडत नाही, हे मान्य करायला हवे.

दोन डबे

आकडेमोड यांचा हिशेब बरोबर आहे, पण तो ज्याच्याकडे विकण्याजोगा वेळ आहे त्याचा आहे. आमच्या भागातले पाळणाघर संध्याकाळी सातला बंद होते. साडेसहाला फेज दोनमधून सुटलेली कंपनीची बस सातला कोथरूडला पोहोचत नाही, आणि पगार १५ टक्क्यांनी वाढल्यामुळे ती लवकर पोहोचणार नाही. वाढलेल्या पैशांतून संध्याकाळसाठी मावशी ठेवता येतील हे खरे; पण त्या ज्या दिवशी येणार नाहीत, त्या दिवशी रजा आमच्या घरात कोणाची पडते हे सांगायला नको.

२०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. तरतूद चांगली आहे, परंतु ते पाळणाघर कार्यालयाच्या आवारात असेल तर दोन वर्षांच्या मुलाला रोज दीड तास महामार्गावरून न्यायचे आणि तितकाच वेळ परत आणायचे, असा तिचा प्रत्यक्ष अर्थ होतो. त्याच दुरुस्तीत प्रसूती रजेनंतर घरून काम करण्याचाही उल्लेख आहे, पण तो कामाचे स्वरूप पाहून आणि दोन्ही बाजूंच्या संमतीने. म्हणजे मालकाने नाही म्हटले की विषय संपला.

मला कोणी विचारले असते तर मी याच्या उलट सौदा मागितला असता: वाढ अर्धीच द्या आणि दोन दिवस घरचे राहू द्या. तसा पर्याय पत्रात कोणालाच नव्हता, हे मला १५ टक्क्यांपेक्षा जास्त बोलके वाटते.

पडद्यामागे

मी एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात काम करतो, त्यामुळे टेबलाच्या दुसऱ्या बाजूने लिहितो. दोन डबे यांनी सुचवलेला उलटा सौदा अभ्यासकांनी मोजून पाहिलेला आहे. मास आणि पॅलाइस या अर्थतज्ज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील कॉल सेंटरच्या नोकरीसाठी आलेले उमेदवार घरून काम करण्याच्या मुभेसाठी सरासरी ८ टक्के पगार सोडायला तयार असल्याचे दिसले. चीनमधील ट्रिप डॉट कॉम या कंपनीतल्या १,६१२ कर्मचाऱ्यांवरचा निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांचा प्रयोग २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आला. त्यात आठवड्याला दोन दिवस घरून काम दिल्यावर नोकरी सोडण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले. ही घट विशेषतः स्त्रिया, लांबून येणारे आणि व्यवस्थापक नसलेले कर्मचारी यांच्यात होती. बढत्यांवर परिणाम झाला नाही. हे निष्कर्ष आमच्या क्षेत्रातले लोक वाचतात. तरीही निर्णय बहुधा वरच्या मजल्यावर होतो आणि त्याचे समर्थन शोधण्याचे काम आमच्याकडे येते.

बहुतेक ठिकाणी पैसा आमिष म्हणून न येता दंड म्हणून येतो. टीसीएसने २०२४ मध्ये पगाराचा बदलता भाग हजेरीशी जोडला आणि ६० टक्क्यांपेक्षा कमी हजेरी असलेल्यांना त्या तिमाहीचा तो भाग मिळणार नाही असे ठरवले. त्या मानाने तुमची कंपनी निदान मोबदला देऊ करते आहे.

पण पत्र नीट वाचावे. ही वाढ वार्षिक वाढीच्या वर आहे की तिच्यासकट, हा पहिला प्रश्न. मूळ पगारात मिसळलेली रक्कम दोन अप्रेझलमध्ये विरून जाते, कारण पुढच्या वर्षी 'तुम्हाला मागच्या वेळी भरपूर दिले' हे वाक्य तयारच असते. पाच दिवसांची अट मात्र तशीच राहते. तसेच, कालांतराने रुजू होणाऱ्या माणसाला ही वाढ कोणी देणार नाही. त्याच्यासाठी पाच दिवस हीच मूळ अट असेल, आणि तुमचा पगार त्याच्याशी ताडून पाहिला जाईल. म्हणून अंतरानुसार ठरणारा वेगळा प्रवास भत्ता मागावा. तो वेगळ्या ओळीत दिसतो आणि काढायचा झाला तर कंपनीला काढतो आहोत असे लेखी सांगावे लागते. नियुक्तीपत्रात कामाचे ठिकाण हिंजवडी लिहिलेले असेल, तर हक्काची भाषा करून उपयोग नाही. आपला गट पुण्यात नाही, हा मुद्दा अधिक वजनदार आहे.

धायरीकर

सर्वांचे आभार. पत्र पुन्हा काढून वाचले. दुसऱ्या पानावर 'या वाढीत चालू आर्थिक वर्षाच्या वार्षिक वाढीचा समावेश आहे' असे वाक्य आहे. गेल्या वर्षी मला ९ टक्के मिळाले होते, म्हणजे यंदाही तितकेच मिळाले असते असे धरल्यास तीन जादा दिवसांचे मोल सहा टक्के, तेही कर कापण्यापूर्वी. आकडेमोड यांच्या पद्धतीने पाहिले तर प्रश्नच उरत नाही. सोमवारी व्यवस्थापकांना मेल पाठवून चेन्नईच्या गटाचा मुद्दा आणि प्रवास भत्ता, दोन्ही मांडणार आहे. पडद्यामागे, असा भत्ता अंतरावर ठरवताना आपल्याकडे घराच्या पत्त्याचा कोणता पुरावा मागतात? माझ्या आधार कार्डावर अजून साताऱ्याचा पत्ता आहे.