‘सेट’ या एका शब्दाचे इतके अर्थ कसे?

प्रश्न :
मी आठवीच्या वर्गाला इंग्रजी शिकवते. सूर्य ‘सेट’ होतो, जेली ‘सेट’ होते आणि जेवणाचे टेबलही ‘सेट’ करतात, हे सांगत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, की गणितातला संच हाही याच शब्दाचा अर्थ आहे का? या सगळ्यांना जोडणारा काही धागा आहे, की प्रत्येक अर्थ वेगळा पाठ करावा लागतो?

प्रतिसाद १ :
पाठ करणे शक्यच नाही, कारण ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचेच ४३० अर्थ नोंदवलेले आहेत. धागा मात्र आहे, आणि तो मराठी मुलांना चटकन सापडावा असा आहे. ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ हे त्याचे प्रयोजक रूप, म्हणजे बसवणे. सोनार अंगठीत खडा बसवतो, डॉक्टर मोडलेले हाड बसवतात. दोन्हीकडे इंग्रजीत ‘सेट’च येते. गाळ तळाशी बसतो किंवा पावसाने जमीन बसते, असे आपण म्हणतो तेव्हा त्या बसण्यात खाली जाणे आणि स्थिरावणे दोन्ही असते. ‘सेट’ होणारा सूर्य आणि घट्ट होणारी जेली त्याच वाटेवरची आहेत, जरी आपला सूर्य मावळत असला आणि दही लागत असले तरी.

प्रतिसाद २ :
वरील विवेचन क्रियापदापुरते योग्य आहे. संच हा अर्थ मात्र त्यात ओढून बसवू नये. समूहवाचक ‘सेट’ मुळात निराळा शब्द असून तो जुन्या फ्रेंचमार्गे, अनुयायांचा गट या अर्थाच्या ‘सेक्टा’ या लॅटिन शब्दापासून आला. पंथ या अर्थाचा ‘सेक्ट’ त्याचाच भाऊबंद. उच्चार एकच झाल्याने पुढे दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले, त्यामुळे चहाच्या ‘सेट’मध्ये समूह आणि मांडणी या दोन्ही छटा जाणवतात.

प्रतिसाद ३ :
एक दुरुस्ती सुचवतो. ‘बसणे’ आणि ‘सिट’ यांचा अर्थ जुळतो, परंतु कूळ जुळत नाही, कारण ‘बसणे’ हे संस्कृत ‘उपविश्’पासून आले आहे. ‘सिट’चे खरे नाते ‘सद्’ या धातूशी आहे, आणि तो आपल्याकडे सदन, परिषद व सभासद या शब्दांत आजही नांदतो.

प्रश्नकर्ती :
मनःपूर्वक आभार. उद्या फळ्यावर ‘बसवणे’ आणि ‘संच’ असे दोन रकाने आखून वाक्ये मुलांकडूनच भरून घेईन; चहाचा ‘सेट’ कुठे लिहायचा, हे त्यांनाच ठरवू देईन.