शब्दचर्चा : ‘सल्लामसलत’, ‘विचारविनिमय’ की ‘वाटाघाटी’?

प्रश्न

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७६ साली संमत केलेल्या १४४ क्रमांकाच्या करारावर कामगार प्रतिनिधींसाठी मी मराठीत एक टिपण तयार करत आहे. आंतरराष्ट्रीय श्रममानकांशी निगडित अशा ठरावीक बाबींवर सरकारने मालकांच्या आणि कामगारांच्या प्रतिनिधींचे म्हणणे नियमितपणे विचारात घेतले पाहिजे, असे बंधन हा करार स्वीकारणाऱ्या प्रत्येक देशावर येते. या प्रक्रियेसाठी मूळ मजकुरात ‘कन्सल्टेशन’ हा शब्द आहे. मराठी मजकुरांत मला ‘सल्ला’, ‘सल्लामसलत’, ‘विचारविनिमय’, ‘परामर्श’, ‘चर्चा’ आणि ‘वाटाघाटी’ असे सहा पर्याय आढळले. यांपैकी कोणता शब्द घेतल्यास कराराचा नेमका अर्थ टिकेल?

प्रतिसाद १

‘वाटाघाटी’ हा शब्द सर्वप्रथम बाजूला ठेवावा. वाटाघाटींत दोन्ही बाजू काही देतात, काही घेतात आणि शेवटी समझोता होणे अपेक्षित असते. तो झाला नाही तर वाटाघाटी ‘फिसकटल्या’ असे आपण म्हणतो. या करारात एकमत होण्याची अट नाही. निर्णय सरकारचाच असतो, मात्र तो पक्का होण्यापूर्वी दोन्ही पक्षांचे म्हणणे सरकारपुढे आले पाहिजे आणि त्या म्हणण्याने निर्णयात फरक पडण्यास वाव राहिला पाहिजे. करारात ‘कन्सल्टेशन’ला लावलेल्या ‘प्रभावी’ या विशेषणाचा आशय तोच आहे, आणि कराराच्या अंमलबजावणीचे परीक्षण करणाऱ्या तज्ज्ञ समितीनेही तोच अर्थ वेळोवेळी मांडला आहे.

‘परामर्श’ या शब्दाची अडचण वेगळी आहे. हिंदीत तो सल्ल्याच्या अर्थाने रुळलेला असला, तरी मराठीत ‘परामर्श घेणे’ म्हणजे एखाद्या विषयाचा सर्व बाजूंनी आढावा घेणे. ‘सरकारने संघटनांचा परामर्श घेतला’ असे लिहिले, तर सरकारने संघटनांची झाडाझडती घेतली, असेही एखादा मराठी वाचक समजेल. ‘चर्चा’ हा शब्द चूक नाही, पण तो समोरासमोरच्या बोलण्याकडे झुकतो. या कराराबरोबरच संमत झालेल्या १५२ क्रमांकाच्या शिफारशीत लेखी पत्रव्यवहाराचाही मार्ग दिला आहे. अट इतकीच, की तो मार्ग योग्य आणि पुरेसा आहे हे प्रक्रियेत सहभागी असलेल्यांना मान्य असले पाहिजे.

आता ‘सल्ला’ आणि ‘सल्लामसलत’. येथे नुसत्या शब्दापेक्षा त्याला जोडून येणारी विभक्ती मला अधिक महत्त्वाची वाटते. ‘संघटनांचा सल्ला घेणे’ यात संघटना वैद्य किंवा वकील यांच्यासारख्या तिऱ्हाईत जाणकार ठरतात. ‘संघटनांशी सल्लामसलत करणे’ यातील ‘शी’ मात्र त्यांना प्रक्रियेत भागीदार करतो. संघटना येथे तिऱ्हाईत नाहीतच. ज्यांच्या कामाच्या तासांविषयी, सुरक्षिततेविषयी किंवा वेतनाविषयी मानक ठरणार आहे, त्यांच्याच त्या प्रतिनिधी आहेत. ‘सल्ला’ आणि ‘मसलत’ हे दोन्ही शब्द अरबीतील एकाच धातूपासून निघून फारसीमार्गे मराठीत आले, आणि त्या धातूच्या अर्थात ‘हित’, ‘योग्य असणे’ या कल्पना आहेत. म्हणून हा जोडशब्द केवळ कानाला भरदार वाटतो म्हणून नव्हे, तर अर्थानेही येथे शोभतो.

प्रतिसाद २

वरील विवेचन पटले, परंतु मी स्वतः ‘विचारविनिमय’ या शब्दाच्या बाजूचा आहे. ‘मसलत’ या शब्दाला जुन्या मराठीत डावपेचाची आणि बंद दाराआडच्या बेताची छटा आहे. उलट ‘विनिमय’ म्हटले की दोन्ही बाजूंनी देवाणघेवाण आलीच. कराराच्या तिसऱ्या कलमानुसार, सल्लामसलतीसाठी जे मंडळ असेल त्यात मालक आणि कामगार यांना बरोबरीच्या नात्याने प्रतिनिधित्व मिळाले पाहिजे. ही बरोबरी ‘विचारविनिमय’ या शब्दात अधिक स्पष्ट दिसते.

एका वाक्प्रचाराबद्दल मात्र सावध राहावे, असे कळकळीने सांगावेसे वाटते. ‘संघटनांना विश्वासात घेणे’ हा प्रयोग बातम्यांत आणि निवेदनांत सर्रास होतो, आणि संघटनाही ‘आम्हाला विश्वासात घेतले नाही’ अशीच तक्रार करतात. पण आधीच झालेला निर्णय आदल्या दिवशी कानावर घातला, तरी ‘विश्वासात घेतले’ असे म्हणता येते. करारातील हक्क माहिती मिळण्यापुरता नाही, तो मत मांडण्याचा आहे. कामगार प्रतिनिधींनी आपल्या मागणीपत्रात हा वाक्प्रचार वापरला, तर ते स्वतःच स्वतःचा हक्क आकसून घेतात.

प्रतिसाद १ (पुन्हा)

‘विश्वासात घेणे’ याविषयीचा मुद्दा पूर्णपणे मान्य. ‘विचारविनिमय’ बाबत माझी एकच शंका आहे: त्यात निर्णय कोणाचा, हे दिसत नाही. दोन विद्वानांतही विचारविनिमय होतो आणि त्यातून काहीच ठरले नाही तरी चालते. सल्लामसलत मात्र पुढे काहीतरी ठरवायचे आहे म्हणूनच केली जाते. कराराच्या पाचव्या कलमातील बाबी पाहा: आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या वार्षिक परिषदेपुढील विषयांच्या प्रश्नावलीला सरकार काय उत्तर देणार, नवे करार आणि शिफारशी देशातील सक्षम प्राधिकाऱ्यापुढे ठेवताना कोणते प्रस्ताव मांडणार, अद्याप न स्वीकारलेल्या करारांचा फेरविचार, स्वीकारलेल्या करारांवरील अहवालांतून उद्भवणारे प्रश्न, आणि एखाद्या करारातून बाहेर पडण्याचा प्रस्ताव. या प्रत्येक बाबीच्या शेवटी सरकारला एक कागद पाठवायचा किंवा एक निर्णय घ्यायचा असतो. ही प्रक्रिया वर्षातून किमान एकदा झालीच पाहिजे, असेही तेच कलम सांगते. मसलतीच्या जुन्या छटेविषयी म्हणाल, तर ‘सल्लामसलत’ या जोडशब्दात ती आज कोणाला जाणवत असेल असे वाटत नाही.

प्रतिसाद ३

मूळ प्रश्नाला लागून असलेला, पण भाषांतरात हमखास निसटणारा एक मुद्दा मांडतो. करारात ‘सर्वाधिक प्रातिनिधिक संघटना’ असा प्रयोग आहे. मराठीत ‘संघटना’ या शब्दाचे एकवचन आणि अनेकवचन सारखेच दिसते. हा किरकोळ व्याकरणाचा विषय नाही. १९२१ सालच्या परिषदेसाठी नेदरलँड्सच्या सरकारने तीन कामगार महासंघांच्या संमतीने कामगार प्रतिनिधी नेमला. या तिघांची एकत्रित सदस्यसंख्या सर्वांत मोठ्या महासंघाहून अधिक होती, पण तो मोठा महासंघ या निवडीच्या विरोधात होता. वाद आंतरराष्ट्रीय न्यायाच्या स्थायी न्यायालयापर्यंत गेला आणि ३१ जुलै १९२२ रोजी न्यायालयाने आपल्या पहिल्याच सल्लागार मतात नेमणूक योग्य ठरवली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना ज्या तहाने स्थापन झाली, त्या व्हर्सायच्या तहातील प्रतिनिधी नेमण्याविषयीच्या कलमात ‘संघटना’ हा शब्द अनेकवचनी आहे, याला त्या विवेचनात मोठे महत्त्व होते. म्हणून मराठीत शक्य तेथे ‘संघटनांशी’, ‘संघटनांचे’ अशी सामान्यरूपे वापरावीत, कारण अनेकवचन तेथेच उघड होते. ‘सर्वाधिक प्रातिनिधिक’ याचे ‘सर्वांत मोठी’ असे सुलभीकरण तर कदापि करू नये.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दुसऱ्या कलमाचा आशय मी आता असा लिहिला आहे: “सरकार, मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींमध्ये प्रभावी सल्लामसलत होईल अशी कार्यपद्धती राबवणे करार स्वीकारणाऱ्या देशावर बंधनकारक आहे, या कार्यपद्धतीचे स्वरूप त्या देशाच्या प्रथेनुसार, आणि प्रातिनिधिक संघटनांशी सल्लामसलत केल्यानंतर ठरवले जाईल.” म्हणजे सल्लामसलत कशी करायची, हेसुद्धा सल्लामसलतीनेच ठरते, ही बाब भाषांतर करताना प्रथमच माझ्या लक्षात आली.

प्रतिसाद २ (पुन्हा)

वाक्य उत्तम झाले आहे आणि ‘सल्लामसलत’ मला मान्य आहे. केवळ ‘मालक’ऐवजी ‘नियोक्ते’ लिहावे. कामावर ठेवणारा प्रत्येक जण आस्थापनेचा मालक असतोच असे नाही. सार्वजनिक सेवेत तर शासनच नियोक्ता असते, आणि तेथे कोणालाही ‘मालक’ म्हणता येत नाही.