यूडीपी टनेल: क्लायंट गेले तरी मेमरी उतरत नाही, शिवाय नॉन्सबद्दल शंका

नाकेदार विचारतात:

सी भाषेतला ओपन सोर्स व्हीपीएन डेमन (पार्श्वभूमीत चालणारा सर्व्हर). कंट्रोल चॅनल टीसीपीवर टीएलएस १.३ (ओपनएसएसएल ३.०), डेटा यूडीपीवर एईएस-२५६-जीसीएम (मजकूर कूटबद्ध करून सोबत खरेपणा तपासायचा टॅग जोडणारी पद्धत). मशीन ८ कोरचं, पूलमध्ये ३२ थ्रेड. ३,००० क्लायंट जोडले की आरएसएस (प्रोसेसने प्रत्यक्ष रॅममध्ये अडवलेली जागा) १.१ जीबीपर्यंत चढतो आणि सगळे गेले तरी ९०० एमबीच्या खाली उतरत नाही. व्हॅलग्राइंड हे मेमरी तपासायचं साधन गळती शून्य दाखवतो (एकच क्लायंट, सर्टिफिकेट नसलेला). सध्या दर पॅकेटला १२ बाइटचा रँडम नॉन्स (एका किल्लीवर एकदाच वापरायचा आकडा) काढला जातो आणि सेशन संपल्यावर किल्ली पुसायला तिच्यावर मेमसेट फिरतो. पुढच्या रिलीजआधी नेमका कुठे हात घालावा?

हीपकरी:

व्हॅलग्राइंडच्या शून्यावर जाऊ नका. ज्या ब्लॉककडे नेणारा पॉइंटरच उरलेला नाही, त्याला तो गळती म्हणतो. हॅश टेबलात गेलेल्या क्लायंटची नोंद लटकून राहिली असेल तर त्याच्या लेखी ती मेमरी वापरातच आहे. 'स्टिल रीचेबल'चा आकडा क्लायंटच्या संख्येबरोबर वाढतो का, ते बघा.

पण सुरुवात ॲलोकेटरपासून (मॅलॉकमागचा मेमरी वाटणारा भाग) करा, ते पाच मिनिटांचं काम आहे. सगळे क्लायंट गेल्यावर पीमॅप (प्रोसेसच्या मेमरीचा नकाशा दाखवणारी कमांड) चालवा. 'ॲनॉन' लिहिलेल्या ओळींच्या जोड्या दिसतील: एक वाचण्या-लिहिण्याची, तिला लागून कसलीच परवानगी नसलेली दुसरी, आणि दोन्हींची बेरीज बरोबर ६५,५३६ केबी. हे ग्लिबसीचे (लिनक्सवरची सी लायब्ररी) अरीना, म्हणजे थ्रेडना मेमरी वाटायचे वेगवेगळे साठे. ६४ बिटवर त्यांची मर्यादा कोरच्या आठपट, म्हणजे तुमच्याकडे ६४, त्यामुळे ३२ थ्रेडना प्रत्येकी स्वतंत्र अरीना मिळतो. अरीनाच्या वरच्या टोकाला एखादा चिमुकला ब्लॉक जिवंत असला तरी त्याच्याखालची मोकळी जागा आपसूक कर्नलकडे परत जात नाही. जीडीबी हा डीबगर जोडून मॅलॉक-ट्रिम (मोकळी मेमरी कर्नलला परत करणारं फंक्शन) शून्य देऊन बोलवा. आरएसएस धाडकन पडला तर ती गळती नव्हे, नुसते तुकडे पडलेत. मग मॅलॉक-अरीना-मॅक्स हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल २ करून पुन्हा मोजा. थ्रेड लॉकसाठी ताटकळू लागले तर ४ करा, नाहीतर सरळ जेमॅलॉक हा दुसरा ॲलोकेटर लावा.

ट्रिमने आरएसएस पडला नाही, तर सर्टिफिकेट असलेला क्लायंट घेऊन व्हॅलग्राइंड परत चालवा. जुनं 'एसएसएल गेट पीअर सर्टिफिकेट' हे ३.० मध्ये 'गेट१' प्रकारचं आहे, म्हणजे रेफरन्स काउंट (वस्तू किती जण वापरतायत याची मोजणी) वाढवतं आणि ते तुम्हीच सोडायचं असतं. 'गेट०' वाढवत नाही; ते सोडलंत तर यूज-आफ्टर-फ्री (सोडलेली मेमरी पुन्हा वापरण्याची चूक) ओढवून घ्याल. सर्टिफिकेटच नसलेल्या क्लायंटवर ही गळती दिसेलच कशी?

क्लायंट जोडलेले असतानाचा भार कमी करायला 'रिलीज बफर्स' हा एसएसएल मोड लावा. ओपनएसएसएलच्या मॅन्युअलप्रमाणे दर निष्क्रिय कनेक्शनमागे सुमारे ३४ केबी वाचतात, म्हणजे ३,००० ना १०० एमबीच्या आसपास. शिवाय दर पॅकेटला मॅलॉक होत असेल तर थांबवा, २,०४८ बाइटच्या बफरचा पूल करा.

टॅग१६:

मेमरीपेक्षा नॉन्सचं प्रकरण गंभीर आहे. ९६ बिटचा रँडम नॉन्स असेल तर एका किल्लीवर २ चा ३२वा घात, म्हणजे सुमारे ४२९ कोटी पॅकेट, ही निस्ट या अमेरिकी मानक संस्थेची मर्यादा. सेकंदाला १ लाख पॅकेट धरले तर ती साधारण १२ तासांत गाठली जाते. नॉन्स एकदा जरी पुन्हा आला तरी त्या दोन पॅकेटच्या मूळ मजकुरांचा एक्सऑर उघडा पडतो, आणि टॅग तयार करणारी आतली किल्ली काढता येऊन खोटे पॅकेट बनवता येतात. दुसरी गोष्ट पहिलीहून वाईट.

काउंटर वापरा: ४ बाइट सॉल्ट (किल्लीसोबत ठरणारा, न बदलणारा भाग), ८ बाइट काउंटर. पॅकेटमध्ये फक्त काउंटर पाठवायचा, तेवढे ४ बाइटही वाचतात. अट एकच, डेमन रीस्टार्ट होऊन काउंटर शून्यावर आला की किल्लीही नवीच हवी. फाइलमधली कायमची किल्ली थेट वापरत असाल तर काउंटर रँडमपेक्षाही घातक. टीएलएस चॅनल तुमच्याकडे आहेच, त्याच्या एक्स्पोर्टरमधून (हँडशेकच्या गुपितातून आणखी किल्ल्या काढून देणारी सोय) ७२ बाइट काढा: दोन दिशांच्या दोन किल्ल्या ३२-३२ बाइटच्या, सॉल्ट ४-४ बाइटचे. दोन्ही दिशांना एकच किल्ली देऊ नका.

उघडण्याच्या बाजूला: 'डिक्रिप्ट अपडेट' मजकूर आधीच हातात देतं, पण 'डिक्रिप्ट फायनल'ने होकार देईपर्यंत तो टन इंटरफेसकडे (व्हीपीएनचं आभासी नेटवर्क कार्ड) जाता कामा नये. रिप्ले विंडोत (येऊन गेलेल्या अलीकडच्या काउंटरची नोंद, जुना पॅकेट पुन्हा पाठवला तर ओळखायला) काउंटर जुना आहे का हे आधी तपासा, मात्र विंडो पुढे सरकवा ती टॅग जुळल्यावरच. आधी सरकवलीत तर भलामोठा काउंटर घातलेला एक खोटा पॅकेट पुरतो. त्यानंतरचे सगळे खरे पॅकेट 'जुने' म्हणून कचऱ्यात.

गाळणी:

हीपकरींच्या पूलला माझी हरकत आहे, निदान जसाच्या तसा नको. २०१४ च्या हार्टब्लीड या ओपनएसएसएलमधल्या दोषात मूळ चूक लांबी न तपासण्याची. पण ओपनएसएसएल स्वतःची फ्रीलिस्ट (सोडलेले बफर पुन्हा वापरायची यादी) बाळगत असल्यामुळे मॅलॉकच्या पातळीवरची संरक्षणं बाजूलाच राहिली, आणि एका विनंतीत ६४ केबीपर्यंत शिळी मेमरी बाहेर जाई. पूल करायचाच तर परत आलेला बफर ॲड्रेस सॅनिटायझरच्या (चालू प्रोग्रॅममधल्या मेमरीच्या चुका पकडणारं साधन) 'पॉइझन' मॅक्रोने बंद करा आणि देताना उघडा. नाहीतर टेस्टमध्ये सॅनिटायझरला पूलच्या आतलं काहीच दिसणार नाही. किल्ल्या या पूलमध्ये कधीच ठेवू नका.

मेमसेटचं म्हणाल तर, पुढे कोणी वाचत नाही असं दिसलं की -ओ२ या ऑप्टिमायझेशनच्या पातळीवर कंपायलर तो उडवून टाकतो. 'ओपनएसएसएल क्लीन्स' वापरा, किंवा ग्लिबसी २.२५ पासूनचं 'एक्स्प्लिसिट बीझीरो'. ऑब्जडंपने बायनरी उघडून तो कॉल खरोखर उरलाय का, ते बघा. एवढ्यावर भागत नाही. सायफर कॉन्टेक्स्टमध्ये एईएस-२५६ चं २४० बाइटचं की-शेड्यूल (किल्लीपासून बनवलेल्या प्रत्येक फेरीच्या किल्ल्या) असतं, आणि त्याचे पहिले ३२ बाइट म्हणजे तुमची किल्लीच. बाहेरचा ॲरे पुसलात आणि कॉन्टेक्स्ट पुन्हा वापरायला ठेवून दिलात तर काय पुसलंत? कॉन्टेक्स्ट रिसेट करा. किल्ली असलेल्या बफरवर रीॲलॉकही नको, जागा बदलली की जुनी प्रत तशीच मागे राहते. त्या पानांना एमलॉक आणि 'डोन्टडंप' लावा, म्हणजे स्वॅप आणि कोअर डंप दोन्हींतून सुटका. सर्व्हिस फाइलमधली मेमलॉकची मर्यादा तेवढी वाढवा, आणि एमलॉकने परत दिलेली किंमत तपासायला विसरू नका.

नाकेदार:

ट्रिम दिल्यावर आरएसएस २१० एमबीवर आला, म्हणजे अरीनाच. दोन प्रश्न उरले: ३२ थ्रेडमध्ये काउंटर एकच ठेवायचा का? आणि चालू कनेक्शनवर किल्ली बदलायची तर टीएलएसचा की-अपडेट पुरेल?

टॅग१६:

प्रत्येक सेशनच्या दर दिशेला एकच अणू (ॲटॉमिक, थ्रेड एकमेकांत न घुसता वाढणारा) काउंटर ठेवा, 'फेच ॲड' पुरतं. थ्रेडमुळे पॅकेट मागेपुढे निघतील, म्हणून रिप्ले विंडो ६४ ची नको, २,०४८ ची घ्या. थ्रेडवार काउंटर केलेत तर नॉन्समध्ये थ्रेडचा क्रमांक लागेल आणि समोरच्याला तितक्या विंडो सांभाळाव्या लागतील. तो व्याप कशाला?

की-अपडेट पुरणार नाही. टीएलएस १.३ मध्ये एक्स्पोर्टरचं गुपित हँडशेकच्या वेळी ठरतं, की-अपडेटने ते हलत नाही. त्याच लेबलने पुन्हा मागितलंत तर तेच ७२ बाइट मिळतील, आणि त्यावर काउंटर शून्य केलात तर नॉन्स पहिल्या पॅकेटपासून परत येऊ लागेल. एक्स्पोर्टरच्या कॉन्टेक्स्टमध्ये आवर्तनाचा क्रमांक घातला तर किल्ली वेगळी निघते, पण गुपित हाती लागलेल्याला सगळीच आवर्तनं काढता येतात. म्हणून नवं कंट्रोल कनेक्शन उघडा, नवा हँडशेक करा आणि जुनी किल्ली फक्त उघडण्यासाठी थोडा वेळ ठेवून पुसा. वायरगार्ड हा दुसरा व्हीपीएन १२० सेकंदांनी नवा हँडशेक करतो आणि १८० सेकंदांनंतर जुनी किल्ली नाकारतो. तुमचा टीएलएस हँडशेक त्याहून जड आहे, ३,००० क्लायंटना तासाला एकदा ठेवा, आणि वेळेत थोडा रँडम फरक घाला, नाहीतर सगळे एकदमच येऊन धडकतील.