मदत हवी आहे : स्विफ्ट १.३ पेट्रोल (२००८), घाट उतरल्यावर निळा धूर. इंजिन उघडू की गाडी बदलू?

पसरणीकर

मंडळी, नमस्कार. प्रश्न लांब आहे, पण अर्धवट माहिती दिली तर तुम्हालाच परत विचारत बसावं लागेल, म्हणून सगळं लिहिते.

गाडी स्विफ्ट व्हीएक्सआय, १.३ पेट्रोल, २००८ ची. बाबांनी नवी घेतली होती, २०१६ पासून मी चालवते. आज १,७१,००० किमी झालेत. राहायला वाईत, नोकरी पाचगणीला. म्हणजे शाळा चालू असते तेव्हा रोज सकाळी पसरणी घाट वर आणि संध्याकाळी खाली.

हे इंजिन ज्यांनी चालवलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. कागदावर ताकद ८७ पीएस आणि ओढ (टॉर्क) ११३ न्यूटन मीटर, आजच्या मानाने काहीच नाही. पण गाडी हजार किलोच्या आसपासची. घाटात दुसऱ्या गिअरला वळण घेऊन बाहेर पडताना पाय दाबला की साडेतीन हजार आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनाचे फेरे) पुढे आवाज बदलतो आणि गाडी जी ओढायला लागते ती सहा हजारांपर्यंत थकत नाही. स्टिअरिंग फिरवलं की नाक लगेच वळतं. नंतर घरात भावाची एक मोठी गाडी आली, तीही चालवली. त्यात मी बसून जाते, हिच्यात मी गाडी चालवते.

आता दुखणं. गेल्या पावसाळ्यापासून तेल खातेय. दर रविवारी सकाळी गाडी थंड असताना डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) काढून जुन्या सुती कापडाने पुसते, परत घालून बघते. हजार किलोमीटरला साधारण ४०० मिली कमी होतं. खाली फरशीवर एक थेंब नाही, म्हणजे गळती नाही. धूर कधी दिसतो तेही वहीत लिहून ठेवलंय : सकाळी पहिल्यांदा चालू केली की पाच-सात सेकंद निळसर भपका, मग साफ. घाट चढताना अजिबात नाही. पण संध्याकाळी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून घाट उतरला आणि खाली सपाटीला लागून पाय दिला की मागे निळा ढग. मागच्या दुचाकीवाल्याने एकदा थांबवून सांगितलं, "मॅडम, गाडी जळतेय का बघा."

तीन ठिकाणी दाखवली. पहिल्या गॅरेजमध्ये बॉनेट न उघडताच सांगितलं, रिंग-पिस्टन (पिस्टन आणि त्यावरच्या तेल अडवणाऱ्या कड्या) गेले, फुल इंजिन करा, पंचावन्न हजार. दुसरे म्हणाले दुसरं इंजिन टाका, आणून देतो. तिसऱ्यांनी गाडीकडे बघून स्क्रॅपचा भाव सांगितला. ते ऐकून मी काही न बोलता निघून आले.

आधीचे उद्योगही सांगते, कारण त्याचाही संबंध असेल. टायर कंपनीचे १६५/८० आर१४ होते, त्या जागी वरच्या झेडएक्सआयला येणारे १८५/७० आर१४ टाकले. यात अजिबात पस्तावले नाही, ओल्या घाटात गाडी रस्त्याला चिकटून राहते. पस्तावले ते स्प्रिंगांना. २०१९ मध्ये एका दुकानात गाडी दीड इंच खाली बसवणारे स्प्रिंग घातले. शॉकॲब्सॉर्बर तेच जुने. दिसायला सुंदर. पण सहा महिन्यांत पुढच्या दोन्ही शॉकॲब्सॉर्बरचं तेल बाहेर, स्ट्रट माउंटचं रबर फाटलेलं आणि खड्ड्यात 'धाड' असा आवाज थेट मणक्यात. परत मूळ स्प्रिंग टाकले. कोन फिल्टरही (शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर) लावून पाहिला होता. आवाज भारी यायचा, पण दुपारी चढाला गाडी उलट मरगळल्यासारखी वाटायची. काढून टाकला.

दुसरी बाजूही खरी आहे. या गाडीत एअरबॅग नाहीत, एबीएस नाही. मुलगी आता सात वर्षांची झाली, मागे बसते, आणि धुक्यात समोरून ट्रक वळणावर आला की माझ्या पोटात गोळा येतो. मागच्या उजव्या चाकाच्या कमानीला गंज धरलाय, जुन्या डेंटवरच्या पुट्टीखालून फुगून वर आलाय.

म्हणून विचारते. हे दुखणं खरंच रिंगचं आहे का, की त्याहून लहान काही? इंजिन नीट झालं तर दोन वर्षं काढायची इच्छा आहे, तेवढ्यासाठी सस्पेन्शन आणि ब्रेकमध्ये कुठे पैसे घालावेत? आणि नंतर बदलायचीच झाली तर हाताने गिअर टाकायची, लहान, घाटात आनंद देणारी कोणती घ्यावी? बजेट सगळं मिळून नऊ-दहा लाख, जुनी चालेल.

जाणकारांनी कृपया सांगावं. आगाऊ धन्यवाद.

तेलकट_हात

ताई, तुम्ही वहीत जे लिहिलंय त्यातच निम्मं उत्तर आहे. बावीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा ठामपणे बोलतो.

रिंग गेल्या असत्या तर गाडीने चढावर धूर काढला असता. लोड तेव्हा असतो. तुमची चढाला साफ आहे. उतारावर पाय काढलेला असताना थ्रॉटल बंद, इंजिन चाकांच्या जोरावर फिरतंय, त्यामुळे इनटेकमध्ये (हवा आत येण्याच्या मार्गात) व्हॅक्यूम जबरदस्त तयार होतो. हेडमधलं (इंजिनाच्या वरच्या भागातलं) तेल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून खाली ओढलं जातं. ते रोखायला प्रत्येक व्हॉल्व्हवर एक बोटाच्या पेराएवढं रबरी सील असतं. सतरा वर्षांत ते कडक होतं. सपाटीला पाय दिला की साठलेलं तेल एकदम जळतं, तोच तुमचा ढग. सकाळचा भपका पण तोच, रात्रभर थेंब-थेंब उतरलेलं तेल.

पण माझ्या शब्दावर हेड उघडू नका. आधी कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणं) करून घ्या. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. आकडे लिहून घ्या. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचा चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा. तेल घातल्यावर आकडा चांगलाच उसळला तर रिंग. जेमतेम हलला तर रिंग ठीक. ही टेस्ट तासाभराची आहे आणि तुमच्यासमोर करायला सांगा. जो मिस्त्री समोर करायला नाही म्हणेल त्याच्याकडे गाडी सोडू नका.

सील बदलायला या इंजिनाचं हेड उतरवावंच लागतं असं नाही. प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरून व्हॉल्व्ह वर धरून ठेवतात आणि वरून स्प्रिंग काढतात. कॅम-रॉकर (व्हॉल्व्हची उघडझाप करणारे भाग) मात्र उघडावे लागतात, तेव्हा टायमिंग बेल्ट (कॅम फिरवणारा पट्टा) किती किलोमीटरला बदललाय ते सांगा. लाख किलोमीटरच्या आसपास बदलला असेल तर याच कामात बेल्ट, टेन्शनर आणि कॅमचं पुढचं ऑइल सील घालून मोकळ्या व्हा. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या आतले वायू परत इनटेककडे सोडणारा) पण बघा, तो चोंदला तरी तेल खाते, आणि तो बदलणं सगळ्यात स्वस्त.

अजून एक. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्यासाठी रबर-प्लास्टिकचे भाग बदललेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासून यायला लागल्या, तुमची त्याच्या फार आधीची. टाकीपासून इंजिनापर्यंतचे रबरी पाइप हाताने दाबून बघायला सांगा. चिरा दिसल्या तर सगळे एकदम बदला. पेट्रोलच्या पाइपात काटकसर नको.

आरसी_बुक

"दुसरं इंजिन आणून देतो" याला अजिबात हो म्हणू नका. इंजिन नंबर आरसीवर असतो. बदलायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आधी आरटीओची मंजुरी आणि मग आरसीवर नोंद. इंजिन कुठून आलं याचा कागद नसेल तर तुम्हीच अडकाल. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ रचनेत बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड आला. विमा कंपनीला न सांगितलेला बदल अपघातानंतर क्लेम अडवतो, तो त्रास दंडापेक्षा मोठा.

२०२३ मध्ये पुन्हा पासिंग केलं असेलच, म्हणजे २०२८ पर्यंत कागद ठीक. त्यानंतर मात्र गाडी वीस वर्षांची होईल. वीस वर्षांपुढच्या मोटारींची नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ मध्ये ५,००० वरून १०,००० केली आहे. हे गणितात धरा.

वळणवाट

ताई, १८५/७० चा निर्णय योग्य. मूळ टायरची उंची ६२० मिमी, याची ६१५. स्पीडोमीटरला फरक कळतही नाही. कोणी २०५/५५ आर१६ घ्या म्हणेल, तो ६३२ होतो, जड होतो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आत घासतो. तुमच्या गाडीचा जो गुण आहे, हलकं नाक, तोच मरेल.

दोन वर्षंच ठेवायची तर पैसे इथे घाला : पुढचे लोअर आर्म बुश, लिंक रॉड, स्ट्रट माउंट, चारही शॉकॲब्सॉर्बर कंपनीचे. मग अलाइनमेंट. ब्रेक फ्लुइड कधी बदललं होतं? ते हवेतला ओलावा धरतं आणि लांब उतारावर गरम होऊन पेडल मऊ पडतं. तुमच्याकडच्या पावसात दर दोन वर्षांनी बदला. बाकी काही नको.

बदलण्याबद्दल माझं मत. हे १.३ इंजिन स्विफ्टमधून २०१० मध्ये बंद झालं ते वाईट होतं म्हणून नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना कर कमी केला. १,२९८ सीसी त्या रेषेच्या पलीकडे राहिलं. आजही रेषा तीच, २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर १८ टक्के जीएसटी. त्यामुळे आता लहान गाडीत मजा हवी तर बहुतेक एक लिटर-सव्वा लिटरचं टर्बोच (हवा दाबून आत भरणारं इंजिन).

आणि तुमच्यासाठी टर्बो चांगलाही. पाचगणी १,३०० मीटरवर आहे, तिथे हवा समुद्रसपाटीपेक्षा दहा-बारा टक्के विरळ. साधं इंजिन तेवढं कमी ओढतं, टर्बो बरंचसं भरून काढतो. वापरलेली बलेनो आरएस मिळाली तर बघा : १०२ पीएस, वजन तुमच्या गाडीइतकंच हलकं, चारही चाकांना डिस्क. २०१७ ते २०२० एवढीच विकली गेली, त्यामुळे शोधावी लागेल. आय-२० एन लाइन १२० पीएस, पण सहा गिअरची मॅन्युअल हवी तर सप्टेंबर २०२३ नंतरचीच. अल्ट्रोझ रेसरही १२० पीएस आणि सहा गिअर. पोलो १.० टीएसआय ११० पीएस, आपल्या चाकणला बनलेली, उतारावर रस्ता धरून बसते, पण २०२२ मध्ये बंद झाली. नव्या स्विफ्टला सहा एअरबॅग आहेत, मात्र ८२ पीएसचं तीन सिलिंडर इंजिन आहे. तुम्हाला वरच्या आरपीएमचा जो आवाज आवडतो तो तिच्यात नाही. चालवून बघितल्याशिवाय घेऊ नका, आणि टेस्ट ड्राइव्ह पसरणीतच मागा.

पसरणीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय कारण काम होईपर्यंत थांबले होते.

साताऱ्यात एक मिस्त्रीकाका मिळाले, माझ्यासमोर टेस्ट केली. चार सिलिंडर : १७८, १८०, १७६, १८१ पीएसआय. तेल घालून : १८४, १८५, १८३, १८६. काका म्हणाले, "बाई, हे इंजिन उघडलं तर पाप लागेल." बेल्ट १,०२,००० ला बदलला होता, तरी तेलकट_हात दादांनी सांगितल्याप्रमाणे नवा घातला. सोळाही सील बदलले. जुनी सील मी मागून घेतली. नवं सील बोटांत दाबलं की दबतं. जुनं दाबलं तर करकरलं आणि दोन तुकडे झाले. एवढ्याशा वस्तूसाठी मी गाडी भंगारात देणार होते.

सगळं धरून साडेनऊ हजार झाले. पेट्रोलचे दोन पाइप बदलले, एकाला खरंच चिरा होत्या.

त्यानंतर ७५० किमी चालवली. डिपस्टिकवर तेल वरच्या खुणेपासून जेमतेम हललंय. काल घाट उतरून मुद्दाम थांबले आणि मुलीला मागच्या काचेतून बघायला सांगून पाय दिला. "काहीच नाही आई," म्हणाली.

पुढच्या महिन्यात लोअर आर्म आणि ब्रेक फ्लुइड. एअरबॅगची गोष्ट मनातून जात नाहीये, त्यामुळे बलेनो आरएस शोधायला सुरुवात केली आहे, घाई न करता. पुणे-सातारा-कोल्हापूर पट्ट्यात कुणाच्या ओळखीत एका हाताची, न छेडलेली असेल तर इथे कळवा. आणि वळणवाट, एक राहिलं : आरएस बघताना टर्बोचं काय तपासायचं? थंड इंजिनावर बघू की गरम झाल्यावर?