पेजिंग चालू करताच मशीन रीस्टार्ट होतंय, मदत हवी आहे

कोरी_पाटी: चार दिवस इथेच अडकलोय. स्वतःच्या बूटलोडरमध्ये (मशीन सुरू होताच कर्नल, म्हणजे ओएसचा गाभा, लोड करणारा प्रोग्राम) पेज टेबल (आभासी पत्ता खऱ्या पत्त्यात बदलणारे तक्ते) बनवले, सीपीयूच्या सीआर३ रजिस्टरमध्ये त्यांचा पत्ता टाकला, पीएई (८ बाइटच्या नोंदींची सोय) लावलं. सीआर० रजिस्टरमधला पेजिंगचा बिट लावला की मशीन सरळ रीस्टार्ट. एररही दिसत नाही. टेबल दहा वेळा तपासले, बरोबर आहेत. लवकर सांगा.

रात्रपाळी: ३२ बिट की ६४? फर्मवेअर बायोस की यूईएफआय? आणि कोड कुठाय?

कोरी_पाटी: ६४च. बायोस. कोड नेहमीचाच आहे.

सह्याद्री७२: व्हर्च्युअल मेमरीचा त्रास मलाही होता. विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन पेजिंग फाइल (रॅम कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची फाइल) मोठी करा. माझा पीसी हँग व्हायचा थांबला.

दीपमाळ: हे स्वतः करता कशाला? लिमाइन हा तयार बूटलोडर घ्या. तो पेजिंग चालू करून, लाँग मोडमध्येच (सीपीयूचा ६४ बिट मोड) कर्नलला उडी मारतो. मी बूटलोडरपायी दोन महिने घालवले आणि कर्नलची एक ओळ लिहून झाली नव्हती.

रात्रपाळी: त्यांना बूटलोडरच लिहायचाय हो. टेबलांची ही उतरंड एकदा हाताने रचली नाही, तर पुढे कर्नलमध्ये पेज फॉल्ट (टेबलमधून पत्ता बदलताना येणारी चूक) आला की काही उमजत नाही.

दीपमाळ: उमजतं. मला कर्नल लिहितानाच उमजलं.

रात्रपाळी: असो. कोरी_पाटी, बिट लावल्यावर पुढची सूचनाही टेबलमधूनच शोधली जाते. ७सी०० चा भाग (बायोस बूटलोडर टाकतो तो पत्ता) आयडेंटिटी मॅप (आभासी आणि खरा पत्ता एकच) केलाय का? ईएफईआर रजिस्टरमधला एलएमई बिट (लाँग मोडची परवानगी) लावलाय?

कोरी_पाटी: दोन्ही केलंय. पहिले २ एमबी, एकच मोठं पान. क्यूईएमयूत (सॉफ्टवेअरमधलं नकली मशीन) व्यवस्थित चालतं, जुन्या लॅपटॉपवर पेनड्राइव्हवरून रीस्टार्ट होतं.

रात्रपाळी: अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं! टेबलच्या नोंदी डीवर्डने (एका वेळी ४ बाइट) लिहिताय ना? नोंद ८ बाइटची, तुम्ही खालचे ४ भरताय. क्यूईएमयू कोरी, शून्य रॅम देतो म्हणून तिथे निभावतं. खऱ्या मशीनवर बायोसचा कचरा वरच्या ४ बाइटांत तसाच राहतो. तिथल्या राखीव बिटात १ सापडला की पेज फॉल्ट. आयडीटी (चूक आल्यावर कुठे जायचं त्याचं टेबल) नाही म्हणून डबल फॉल्ट, मग ट्रिपल, आणि सीपीयू रीसेट. आधी टेबल पुसा: ईडीआय रजिस्टरमध्ये हेक्स १०००, ईएएक्स शून्य, ईसीएक्समध्ये ३०७२, मग सीएलडी आणि रेप स्टॉसडी (तिथून पुढे ३०७२ वेळा ४ बाइट शून्य लिहिलं जातं). तुमचे टेबल दुसरीकडे असतील तर पत्ता बदला. तीन टेबल, १२ केबी.



कोरी_पाटी: डीवर्डच होते! पुसल्यावर लॅपटॉपवर चालू झालं. रात्रपाळी, मनापासून आभार. आता ६४ बिट कोडमध्ये उडी मारतो, पण स्क्रीनवर अक्षर येत नाही. बी८००० (स्क्रीनवरच्या अक्षरांच्या मेमरीचा पत्ता) पहिल्या २ एमबीतच येतं ना?

रात्रपाळी: येतं. या वेळी आधी कोड टाका, जीडीटीसकट (सीपीयूला मेमरीचे भाग सांगणारं टेबल).