शब्दचर्चा : हकला जे खातं, ते नेमकं काय?

नदीकाठ :
मार्क ट्वेनच्या ‘हकलबरी फिन’मधल्या 31व्या प्रकरणाचा मराठी अनुवाद करायला बसले आहे. छापायला नाही, आमच्या वाचनगटापुरता. एका शब्दावर तीन दिवस अडले आहे, तो म्हणजे ‘कॉन्शन्स’. कोशात पहिल्यांदा ‘सदसद्विवेकबुद्धी’ सापडते, पण ती इथे ठेवली की सगळं उलटंपालटं होतं.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी : हक तेरा-चौदा वर्षांचा, दारुड्या बापाच्या तावडीतून निसटलेला पोरगा. जिम हा मिस वॉटसनच्या मालकीचा गुलाम. आपल्याला 800 डॉलरला न्यू ऑर्लिन्सकडे विकायचं चाललंय हे कानावर पडताच तो पळालेला. दोघं तराफ्यावरून मिसिसिपी नदीतून खाली जातात. पुढे दोन भामटे भेटतात आणि त्यातला एक जिमला 40 डॉलरला विकून टाकतो. तेव्हा हकला आतून टोचायला लागतं. जिमचं वाईट झालं म्हणून नव्हे, त्याला पळायला आपण मदत केली म्हणून! मिस वॉटसनने आपलं काय वाकडं केलं होतं, आणि आपण तिची मालमत्ता चोरली. तो तिला पत्र लिहून जिमचा ठावठिकाणा कळवतो. पाप धुऊन निघाल्यासारखं त्याला हलकं वाटतं. मग जिम आठवायला लागतो. हकची पहाऱ्याची पाळी आली तरी त्याला न उठवता स्वतःच जागणारा, धुक्यात हरवलेला हक परत दिसल्यावर हरखून गेलेला. पत्र हातात धरून हक थरथरतो, श्वास रोखतो, म्हणतो की ठीक आहे, जाईन नरकात, आणि पत्र फाडतो.

जिमला पकडून दे म्हणून मागे लागलेल्या त्या आवाजाला सदसद्विवेकबुद्धी कसं म्हणायचं? सत् काय, असत् काय ते ओळखणारी बुद्धी. शब्दातच प्रशस्तिपत्रक आहे.

कानामात्रा :
शब्दावर एवढा राग नको. टिळकांनी ‘गीतारहस्या’त (1915) नेमका हाच प्रश्न घेतला आहे, सहाव्या प्रकरणात. बरंवाईट सांगणारी एक स्वतंत्र देवता माणसाच्या मनात बसलेली आहे, असं मानणाऱ्या पंथाला ते आधिदैवतपक्ष म्हणतात आणि तो मोडून काढतात. अशी वेगळी देवता नाही. निर्णय करणारी बुद्धी एकच, आणि ती जशी शुद्ध किंवा अशुद्ध असेल तसा तिचा निर्णय. गीतेच्या अठराव्या अध्यायातली तामसी बुद्धी आठवा : ‘अधर्मं धर्ममिति या मन्यते’. हकची तीच गत. फरक इतकाच की ती त्याची स्वतःची नाही, गावाने दिलेली आहे.

कालिदासाचं ‘प्रमाणमन्तःकरणप्रवृत्तयः’ सगळे उद्धृत करतात, पण त्याआधीचं ‘सतां हि’ विसरतात. सज्जनांच्या अंतःकरणाचा कौल प्रमाण, ज्याच्या त्याच्या नव्हे. दुष्यंताने हे शकुंतलेवर मन जडल्यावर स्वतःच्या सोयीसाठी म्हटलंय, हा भाग वेगळा.

नदीकाठ :
मान्य. पण ‘तामसी सदसद्विवेकबुद्धी’ म्हणजे गरम बर्फ. शिवाय एवढा सामासिक शब्द हकच्या तोंडी? शुद्धलेखनाची बोंब असलेला मुलगा आहे हो तो.

ट्वेनने 1895 साली वहीत या पुस्तकाबद्दल लिहून ठेवलंय की यात एक धड काळीज आणि एक बिघडलेला कॉन्शन्स यांची टक्कर होते आणि कॉन्शन्स हरतो. ‘धड काळीज’ मला जमलं असं वाटतं. दुसरं जमत नाही.

भाकरतुकडा :
आमच्याकडे साधं म्हणतात : ‘मन खातं’. माझी आजी कुणाला दोन शब्द जास्त बोलली की रात्री म्हणायची, मन खातंय गं मला. यात बरंवाईट काही ठरवलेलं नाही. खरी चूक केली तरी खातं, उगाचच्या भीतीनेही खातं. कुणी रुजवलं यावर ते अवलंबून नाही, दात तेवढेच.

आणि हक स्वतःही असंच बोलतो ना? पुढे 33व्या प्रकरणात तो वैतागून म्हणतो की माणसाच्या मनाच्या या टोचणीला जेवढी अक्कल असते तेवढीच असलेलं एखादं पिवळं कुत्रं माझ्याकडे असतं तर मी त्याला विष घातलं असतं. पोटातल्या बाकी सगळ्यापेक्षा ही जास्त जागा अडवते आणि उपयोग शून्य. कुत्र्याची उपमा आहेच, तेव्हा खाणं, चावणं, कुरतडणं सगळं चालेल.

बोरूबहाद्दर :
‘मन खातं’ला माझं मत. पण तुकोबांना बाजूला ठेवून ही चर्चा पुरी कशी होईल?

सत्य असत्याशी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता ॥

ग्वाही हा फारसी ‘गवाह’वरून आलेला कचेरीतला शब्द. तुकोबांनी मनाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं. योगायोग असा की ‘कॉन्शन्स’च्या लॅटिन मुळाचा अर्थही ‘सोबत जाणणं’, म्हणजे साक्षीच. आता हकचं बघा. त्याच्या मनात दोन साक्षीदार आहेत. एक मिस वॉटसन, तिची विधवा बहीण, रविवारची शाळा आणि अख्खं मिसूरी राज्य यांच्या वतीने बोलतो. दुसरा बोलतच नाही, फक्त जिमचा चेहरा दाखवतो. पोराची पंचाईत अशी की पहिल्यालाच तो आपलं मन समजतो. तुकोबांना मन एकीकडे आणि बहुमत दुसरीकडे असं स्पष्ट दिसत होतं. हकच्या बाबतीत बहुमत मनाचा सदरा घालून आलेलं आहे.

नदीकाठ :
हे वाचून एकदम ‘जनाची नाही तर मनाची तरी लाज’ आठवलं. आपण हे म्हणताना धरून चालतो की मनाची लाज ही जनाच्या लाजेहून खरी. हकच्या बाबतीत जनाचीच लाज मनाच्या आवाजात बोलते. मला तीन दिवस जे म्हणायचं होतं ते हे.

ट्वेनचंही लहानपण असंच गेलं. मिसूरीतल्या हॅनिबल गावात, गुलाम पाळणाऱ्या घरात. शाळेत असताना गुलामगिरीबद्दल आपल्याला तिटकारा नव्हता, त्यात काही चूक आहे हेच माहीत नव्हतं, चर्चमधून तर देवाला हे मान्य आहे असंच शिकवत, असं त्याने आत्मचरित्रात लिहिलंय. कादंबरी आली 1884-85 मध्ये, गुलामगिरी कायद्याने संपून वीस वर्षं झाल्यावर. म्हणजे वाचकाला सगळं कळतंय आणि सांगणाऱ्या पोराला काहीच कळत नाहीये. शब्द असा हवा की मराठी वाचकाला कळावं आणि हकला कळू नये.

कानामात्रा :
तुकोबा आणलेत तर समर्थांनाही बोलवा. ‘जनीं निंद्य ते सर्व सोडूनि द्यावे, जनीं वंद्य ते सर्व भावे करावे.’ मनाच्या श्लोकांतला दुसराच श्लोक. हकने हा पाळला असता तर जिम गेलाच होता.

बोरूबहाद्दर :
अर्ध्या श्लोकावर फाशी देऊ नका. ‘मना सज्जना’ अशी सुरुवात आहे, भक्तिपंथाला लागलेल्या मनाला सांगितलेलं आहे. तिथल्या ‘जनीं’चा अर्थ गुलामांचा बाजार भरवणारे जन असा कुठे होतो?

कानामात्रा :
तेच म्हणतोय. अर्थ ‘जनीं’ कोण यावर ठरतो. श्लोक ते सांगत नाही, मिस वॉटसनही सांगत नव्हती.

पाटावरची :
मधेच घुसते. ‘धर्मसंकट’ हा शब्द अजून कुणी कसा काढला नाही? वर्तमानपत्रांत अशा प्रसंगाला हमखास तोच.

नदीकाठ :
मुद्दाम टाळला. दोन्ही बाजूंना धर्म असेल तर ते धर्मसंकट. हकला दोन बाजू दिसतच नाहीत. त्याच्या लेखी एकीकडे धर्म, कायदा, देव, आणि दुसरीकडे फक्त जिम. आपण बरोबर वागतोय असं तो एकदाही म्हणत नाही. मी वाईटच, माझं वळणच तसं, म्हणून वाईट मार्गाने जातो, असा त्याचा हिशेब. ‘पेच’ चालेल. ‘धर्मसंकट’ म्हटलं की आपण त्याला अर्जुनाच्या रथात बसवतो.

16व्या प्रकरणात हे आणखी साधेपणाने आलंय. ओहायो नदीच्या संगमावरचं केरो गाव जवळ आलं असं वाटतंय. तिथे पोचलं की जिम सुटला. तो आनंदाने बोलत सुटलाय : बायकोला सोडवीन, मग पोरांना, मालक विकेना तर चोरून आणीन. हकच्या अंगावर काटा येतो, कारण ती पोरं दुसऱ्या कुणाची ‘मालमत्ता’. तो होडी घेऊन जिमला पकडून द्यायलाच निघतो. मागून जिम ओरडतो, तू माझा सगळ्यात चांगला दोस्त, आता माझा एकुलता एक दोस्त. वाटेत पळालेले गुलाम शोधणारे दोन बंदूकधारी भेटतात आणि विचारतात, तराफ्यावरचा माणूस काळा की गोरा? हकच्या तोंडून निघतं, गोरा. वर तो देवीची साथ असल्याचा भास निर्माण करतो. ते घाबरून जवळ येत नाहीत आणि दयेपोटी वीस-वीस डॉलरची दोन सोन्याची नाणी फळीवरून पाठवतात. नंतर हक विचार करतो : पकडून दिलं असतं तरी एवढंच वाईट वाटलं असतं, मग बरोबर वागायला शिकून फायदा काय? ‘मन खातं’ इथे तंतोतंत बसतं. इकडून गेलं तरी खाणार, तिकडून गेलं तरी खाणार.

भाकरतुकडा :
वीस अधिक वीस चाळीस. भामट्याने जिमला विकला तोही चाळीसला. शेवटी जिमच्या सुटकेचा खेळ मांडणारा हकचा मित्र टॉम सॉयर ‘छान कैदी झालास’ म्हणून जिमच्या हातावर ठेवतो तेही चाळीसच. ट्वेनने हे मुद्दाम केलं असेल नाहीतर नसेल, पण माझ्या डोक्यातून जात नाही.

पाटावरची :
बरं, ‘नरक’ शब्दाचं काय? आपल्याकडचा नरक मुदतीचा. पाप फिटलं की पुढचा जन्म. हक ज्याला भितोय तो कायमचा, आगीचा. मराठी बायबलात ‘अग्निनरक’ आहे, तो वापरला तर?

नदीकाठ :
विचार केला होता, पण पोराच्या तोंडी जड जातो. सध्याचा खर्डा असा : ‘बरं तर मग. नरकात तर नरकात.’ आणि पत्र फाडलं. ‘कायमचा’ हे आधीच्या परिच्छेदात येऊन जातं.

बोरूबहाद्दर :
‘नरकात तर नरकात’! याच्यापुढे इंग्रजीला हात जोडावेत. हे बदलू नका.

जिमला हक काय म्हणतो मराठीत? अरे-तुरे? जिम बायकापोरांचा बाप्या माणूस आहे. आपल्याकडे पोर त्याला काका म्हणेल.

नदीकाठ :
अरे-तुरेच. उच्चवर्णीयाच्या घरातलं शेंबडं पोर म्हाताऱ्या बलुतेदाराला अरे म्हणायचं, ते आपल्या गावांतून फार जुनं झालेलं नाही. मराठी वाचकाला एका ‘अरे’त सगळी उतरंड दिसते, ही आपल्या भाषेची शरमेची सोय. काका म्हटलं तर ती उतरंड झाकली जाईल. जिम मात्र हकला ‘बाळा’ म्हणतो, कधी ‘लेकरा’. मूळ पुस्तकात दोनशेहून अधिक वेळा आलेली ती वांशिक शिवी मात्र मला मराठीत सापडलेली नाही. अमेरिकेत 2011 साली तिच्या जागी ‘गुलाम’ घालून एक आवृत्ती निघाली आणि तिच्यावर बरंच रान उठलं. ‘गुलाम’ ही स्थिती झाली, शिवी नव्हे.

पाटावरची :
मला 15वं प्रकरण 31व्यापेक्षा मोठं वाटतं. धुक्यात ताटातूट होते, जिम हाका मारून मारून थकून झोपतो, आणि हक परत येऊन त्याला बनवतो की तुला स्वप्न पडलं. मग तराफ्यावरचा पालापाचोळा आणि मोडकं वल्हं दिसतं. जिम त्याच्याकडे बोट दाखवून म्हणतो, तो कचरा. आणि दोस्ताच्या डोक्यावर घाण टाकून त्याला लाजवणारी माणसं, तीही कचराच. हकला माफी मागायला धीर गोळा करावा लागतो, पंधरा मिनिटं. पण मागतो, आणि त्याचा पश्चात्ताप कधीच होत नाही म्हणतो. इथे ‘कचरा’च ठेवा हं. ‘पालापाचोळा’ माणसाला लागू होत नाही.

भाकरतुकडा :
+१. आणि कृपा करून जिमला कुठेही ‘इमानी’ म्हणू नका. शेवटी टॉमच्या पायात गोळी लागते. तेव्हा जिम पळून जायचं सोडून डॉक्टरला मदत करायला थांबतो आणि पुन्हा पकडला जातो. मराठी लेखणी तिथे आपोआप इमानावर घसरते. इमान चाकराचं असतं, नाहीतर कुत्र्याचं. जिमने निवड केली होती, हकच्या पत्राएवढीच महाग. वर सगळी घालमेल हकच्या मनातली बघतोय आपण. जिमच्या मनातली कादंबरी दाखवत नाही.

कानामात्रा :
त्याच प्रसंगाआधी हक म्हणतो, मला माहीतच होतं तो आतून गोरा आहे. याचं काय करणार? ‘मनाचा निर्मळ’?

नदीकाठ :
नाही. ‘आतून गोरा’च. वाचायला लाज वाटली पाहिजे. पोराने नरक पत्करला तरी गावाने घातलेला चष्मा डोळ्यांवरच आहे. निर्मळ म्हटलं की तो चष्मा मीच काढून घेतल्यासारखं होईल.

तर 31व्या प्रकरणाचा तुकडा आत्ता असा आहे. कॉन्शन्स नावाचं काहीच ठेवलेलं नाही, फक्त खाणं :

‘जितका विचार करावा तितकं मन मला जास्त खायला लागलं. वाटलं, वरती कुणीतरी सगळं बघतंय, बिचाऱ्या म्हातारीचा माणूस मी चोरून नेला तेही…’

‘माणूस’ की ‘गडी’?

भाकरतुकडा :
गडी. माणूस म्हटलं असतं तर त्याला पत्र लिहायची वेळच आली नसती.